भाग दुसरा

पहिला भाग आम्ही चार रात्रींत पाहिला होता,
सात रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर.
टिपणिसांचा टीव्ही बिघडलेला, म्हणून तेही आमच्याकडे,
फ्लेवी आंटी स्वतःची खुर्ची घेऊन.
कोरड्या नदीकाठचं गाव, एक शेरीफ,
आणि सगळ्यांच्या तोंडी हिंदी,
इतकं शुद्ध, की गुत्त्यातला दरोडेखोरही
"क्षमा कीजिए" म्हणून गोळी घाली.
जाहिराती लागल्या की बाबा
पुढे काय होणार ते सांगत,
आणि दर वेळी चुकत.
शेवटी शेरीफ घोड्यावरून धुळीत दिसेनासा झाला
तेव्हा म्हणाले, संपलं. हा काही आता परत यायचा नाही.

त्यातही चुकले.
मी दहावीत असताना आला परत.
शेरीफ तोच, चेहरा दुसरा.
जुन्या नटाने पैसे फार मागितले,
असं केबलवाला पिंट्या म्हणाला,
जणू बोलणी त्याच्यासमोरच झाली होती.
मधल्या काळात बाबा गेले होते.
आणि आईने दळवींशी लग्न केलं होतं:
दोन सह्या, तीन साक्षीदार,
घरी आल्यावर विकतची बासुंदी.

पुन्हा सगळे जमले. निकाल पहिल्या रात्रीच लागला.
"टोपी तीच, पण तो रुबाब नाही."
"आवाज पन दुसरा लावलाय, बाई."
नारकर म्हणाले, पहिल्यात जमिनीचा प्रश्न होता,
ह्यात नुसती विधवा आणि तिचं कुंपण.
टिपणीसकाकूंनी चकली मोडली.
"मुळात दुसरे भाग काढूच नयेत."
आत चहा गाळण्याचा आवाज
मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

दळवी दाराशी, पत्र्याच्या ट्रंकेवर.
बाबांच्या खुर्चीत माझं दप्तर होतं.

गेनबा शेलार मात्र माणसांकडे बघतच नव्हते.
महालक्ष्मीच्या तबेल्यात चाळीस वर्षं,
"मला हिंदी कळत न्हाई, घोडं कळतं."
घोडा पहिल्या भागातलाच, म्हणाले,
डाव्या मागल्या पायाला पांढरा मोजा बघा.
आणि कान बघा. मागं पाडल्यात.
माणूस बदललेला त्याला कळलाय.
सगळे खूश. घोड्याचीसुद्धा साक्ष!
मी इतिहासाच्या वहीमागे
शेरीफला दहापैकी शून्य दिलं, आणि अधोरेखित केलं.

तिसऱ्या रात्री नदीला पाणी होतं.
घोडा काठावर अडला.
ह्याने टाच मारली नाही.
उतरला, लगाम सैल सोडला,
आणि कमरेएवढ्या पाण्यात आधी स्वतः गेला,
बूट-बिट सगळ्यासकट.
"हे नाटकात लिवलेलं न्हाई," गेनबा पुटपुटले,
"हे त्या माणसाचं हाय. आता कान बघा."
कोणी बघितले नाहीत.
पलीकडच्या टेकडीवरून गोळीबार सुरू झाला होता
आणि काकू विचारत होत्या, हा त्यातला कोण?
मी बघितले.

चौथ्या रात्री ऐन मोक्याला साबणाची जाहिरात.
खोलीत कोणीच काही बोलेना.
ती शांतता मला सोसवली नाही,
मी म्हटलं, शेरीफ मरणार.
ट्रंकेवरून आवाज आला, "लावतेस पैज?"
"कुल्फी."

मेला नाही. विधवेचं कुंपण दुरुस्त करत बसला,
खिळे तोंडात धरून, कितीतरी वेळ,
आणि तिथेच नावं वर सरकू लागली.
असला कसला शेवट, म्हणत मंडळी उठली.
टुकार. नारकरांचे तीन गुण, तेही घोड्याला.

पैज मी हरले होते, तरी जेकब सर्कलवरून
कुल्फी दळवींनीच आणली,
तीन काड्या, मनगटापर्यंत ओघळलेल्या.

दप्तर मी त्या रात्री उचललं नाही.
ते कधीतरी नंतर झालं,
टीव्हीवर तेव्हा काय चालू होतं
आठवत नाही.